कॉन्स्टँटिनोपलचे ‘मैत्रीगृह’ : पाहुण्याने आखलेले यजमानाचे घर

सन १९१६. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जर्मनीत भाकरी शिधापत्रिकेवर मिळत होती, व्हर्डूनच्या खंदकांत माणसे मरत होती. अशा वेळी जर्मनीतील नामवंत वास्तुशिल्पकारांपुढे एक विलक्षण काम ठेवले गेले. मित्रराष्ट्र तुर्कस्तानच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, जर्मन-तुर्की मैत्रीचे प्रतीक म्हणून एक भव्य वास्तू उभारायची होती. तिचे नाव ‘हाउस डेर फ्रॉइंडशाफ्ट’, म्हणजे मैत्रीगृह. त्यात ग्रंथालय, व्याख्यानांचे सभागृह, प्रदर्शनाची दालने आणि कॉफीगृहही असावयाचे होते. जागा ठरली ती जुन्या शहराच्या कण्यावर, दिवानयोलू रस्त्यालगत. सम्राट कॉन्स्टंटाइनचा स्तंभ तेथून जवळच आहे आणि सुलतानांच्या मिरवणुका याच रस्त्याने जात असत.

स्पर्धेत सहभागी झालेल्यांची नावे आजही वास्तुकलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतात. पेटर बेरेन्स, हान्स पोल्झिग, ब्रूनो टाउट, पाउल बोनात्स, थेओडोर फिशर, रिचर्ड रीमरश्मिड, ब्रूनो पाउल, मार्टिन एल्सेसर अशी ती मांदियाळी होती. पहिला क्रमांक मिळाला गेर्मान बेस्टेलमायर यांना. पोल्झिगने पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा, झाडांनी मढलेला एक टेकडीसारखा प्रासाद कल्पिला होता, तर टाउटने शहराच्या घुमटांना उत्तर देणारा नवा विशाल घुमट रेखाटला होता. १९१८ साली या सर्व आराखड्यांचे देखणे पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना लिहिणारे तरुण पत्रकार थेओडोर हॉइस पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

त्या पुस्तकाच्या नावातच एक शब्द असा आहे की, तो वाचून वाचकाने क्षणभर थांबावे. ‘जर्मन वास्तुशिल्पकारांची स्पर्धा’ असे ते नाव आहे. मैत्री दोन राष्ट्रांची, भूमी तुर्कांची, शहर तुर्कांचे. आणि स्पर्धक मात्र एकजात जर्मन! त्या यादीत एकही तुर्की नाव नाही.

वास्तुकलेचा इतिहास लिहिणारे बहुतेक विद्वान या गोष्टीचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. त्यांना रस असतो तो पोल्झिगच्या गच्च्यांत आणि टाउटच्या घुमटात. ‘आधुनिक शैलीच्या जडणघडणीतील एक टप्पा’ किंवा ‘पूर्व आणि पश्चिम यांच्यातील सांस्कृतिक संवाद’ अशी सुबक लेबले लावून हा विषय संपविला जातो. पण संवादाला दोन मुखे लागतात. एकच मुख बोलत असेल आणि दुसऱ्याने केवळ जागा द्यायची असेल, तर त्याला संवाद म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे.

तुर्कस्तानात त्या वेळी वास्तुशिल्पकार नव्हतेच, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. वेदात बे पॅरिसमध्ये शिकून आले होते, आणि सिर्केजीचे त्यांचे भव्य टपाल कार्यालय १९०९ मध्येच पूर्ण झाले होते. केमालेद्दीन बे यांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. आउगुस्ट याखमुंड नावाचे प्रशियन वास्तुशिल्पकार कॉन्स्टँटिनोपलला आले, त्यांनी तेथे सिर्केजी रेल्वे स्थानक बांधले (१८९०) आणि अभियांत्रिकी विद्यालयात शिकविलेही. केमालेद्दीन हे त्यांचेच विद्यार्थी. गुरूच्या देशी जाऊन बर्लिनमध्ये त्यांनी पुढील अभ्यास केला. परत आल्यावर वक्फ खात्याच्या बांधकामांची धुरा सांभाळली, जुन्या मशिदींची डागडुजी करता करता त्यांचे शास्त्र आत्मसात केले आणि त्या परंपरेतून नवी वास्तुशैली घडविण्याचा ध्यास घेतला. जर्मन विद्येत तयार झालेला, जर्मन भाषा जाणणारा, त्याच शहरात राहणारा आणि त्या शहराच्या दगडादगडाशी परिचय असलेला हा माणूस मैत्रीगृहाच्या स्पर्धेत कोणाला आठवला नाही. शिष्य म्हणून तो चालत होता. समान म्हणून मात्र त्याला बोलावणे नव्हते.

हे अनवधानाने घडले असे मानण्यास जागा नाही. स्पर्धेमागे दोन संस्था होत्या. एक ‘डॉइचर वेर्कबुंड’, जी १९०७ मध्ये म्युनिच येथे स्थापन झाली. कलावंत आणि कारखानदार यांना एकत्र आणून जर्मन मालाचा दर्जा उंचवावा आणि त्याला जगाची बाजारपेठ मिळवून द्यावी, हा तिचा हेतू होता. दुसरी जर्मन-तुर्की संघटना, जी १९१४ मध्ये निघाली. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे एर्न्स्ट येख हे गृहस्थ. तुर्कस्तानच्या उदयात जर्मनीचे भवितव्य पाहणारा हा प्रचारक वेर्कबुंडचा कार्यवाहही होता. रॉबर्ट बॉश यांच्यासारख्या उद्योगपतीचे पाठबळ त्यांना लाभले. मालाची गुणवत्ता, निर्यात, प्रचार आणि मैत्री हे सारे एकाच टेबलावरून चालले होते. यात गुप्त कटाचा वास शोधण्याचे कारण नाही. सारे उघड होते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ऑटोमन प्रदेशात शाळा, दवाखाने, बँका उभारून जे केले होते, ते जर्मनीला उशिरा पण अधिक नेटकेपणाने करावयाचे होते, इतकेच.

दगडातून बोलण्याची ही रीत तेथे नवीन नव्हती. कैसर विल्हेल्म दुसरा १८९८ मध्ये दुसऱ्यांदा कॉन्स्टँटिनोपलला आला. त्याच दौऱ्यात दमास्कसला त्याने जगातील तीस कोटी मुसलमानांचा आपण मित्र असल्याची ग्वाही दिली. त्या तीस कोटींतील किती कोटी ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात राहत होते, हे त्याला पुरते ठाऊक होते. या भेटीची आठवण म्हणून जुन्या हिप्पोड्रोमच्या मैदानात एक घुमटदार कारंजे उभारले गेले. ते जर्मनीत घडवून, सुटे भाग जहाजाने आणून तेथे जोडण्यात आले आणि कैसरच्या वाढदिवशी, २७ जानेवारी १९०१ रोजी, त्याचे उद्घाटन झाले. आजही ते तेथे आहे.

आणि या भेटीच्या बदल्यात काय गेले? आजच्या जॉर्डनच्या वाळवंटात मशत्ता नावाचा आठव्या शतकातील एक अपुरा राजवाडा आहे. त्याची दर्शनी भिंत नाजूक कोरीव कामाने भरलेली होती. सुलतान अब्दुल हमीदने ती कैसरला भेट म्हणून देऊन टाकली. साम्राज्याच्या संग्रहालयाचे संचालक उस्मान हम्दी बे यांनी विरोध केला, पण त्यांचे कोण ऐकणार? १९०३ मध्ये ती भिंत दगड दगड सुटी करून बर्लिनला नेण्यात आली. कारंजे आले आणि राजवाड्याची भिंत गेली! साम्राज्यांच्या मैत्रीचा जमाखर्च असा असतो. एकाने नवी वस्तू द्यावी, दुसऱ्याने त्याबदली आपला वारसा मोजून द्यावा आणि दोन्ही बाजूंनी त्याला सौहार्द म्हणावे.

त्याच शहरात आणखी एक इमारत आहे, तीही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ऑटोमन साम्राज्य कर्जात बुडाल्यावर युरोपीय सावकारांच्या वतीने साम्राज्याचा महसूल वसूल करणारी यंत्रणा १८८१ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय अलेक्झांद्र व्हालोरी यांनी १८९७ मध्ये बांधले, आणि ते बांधले कोणत्या थाटात? रुंद छज्जे, कमानी, असा अगदी देशी ऑटोमन पेहराव त्याला चढविला होता. वसुली सावकाराची, अंगरखा ऋणकोचा! ‘परक्यांनी स्थानिक शैलीचा किती आदर केला पाहा’ असे म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी ही इमारत ध्यानात ठेवावी. आपल्याकडेही मुंबई-मद्रासच्या सरकारी इमारतींवर इंग्रजांनी घुमट आणि जाळ्या चढविल्या, त्या काही हिंदुस्थानच्या प्रेमापोटी नव्हेत. या भूमीचे खरे वारस आपणच, असे त्यांना दगडातून सांगावयाचे होते.

मैत्रीचा खरा कस लागला तो १९१४ मध्ये. २ ऑगस्टला जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात गुप्त करार झाला. सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानने परकीय नागरिकांना शतकानुशतके मिळत आलेल्या करविषयक आणि न्यायविषयक सवलती रद्द करण्याची घोषणा केली. युरोपच्या राजदूतांनी एकमुखाने निषेध केला. शत्रू व्हायला निघालेल्या देशांचे राजदूत त्यात होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून मित्र जर्मनीचाही राजदूत होता! सवलती रद्द झाल्याचे जर्मनीने मान्य केले ते १९१७ मध्ये, तुर्की सैनिक जर्मनीच्या युद्धात हजारोंनी मेल्यानंतर. म्हणजे ज्या वर्षी मैत्रीगृहाचे आराखडे रेखाटले जात होते, त्या वर्षी मित्राच्या भूमीवर मित्राचाच कायदा पाळण्याची जर्मनीची औपचारिक तयारी नव्हती.

मराठी वाचकाला ही सारी कथा दूरची वाटेल. ती तितकी दूरची नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कूत अल-अमारा येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ब्रिटिश फौज तुर्कांना शरण गेली. ती फौज म्हणजे सहावे ‘पूना डिव्हिजन’. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी. कोकणातल्या आणि देशावरच्या कित्येक घरांतील मुलगे त्यांत होते. मेसोपोटेमियाच्या उन्हात, उपाशीपोटी, उत्तरेकडे त्यांची फरपट झाली. जे जगले त्यांतील अनेकांना रास अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. ती रेल्वे म्हणजे बर्लिन-बगदाद रेल्वे, जर्मन बँकेच्या भांडवलावरची आणि जर्मन अभियंत्यांची. त्यांचा सेनापती टाउन्सहेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर युद्ध संपेपर्यंत सुखाने राहिला. गोऱ्या शत्रूचा पाहुणचार आणि काळ्या शिपायाची वेठ असा हा दोन साम्राज्यांचा शिष्टाचार होता. त्याच १९१६ सालात जर्मन वास्तुशिल्पकार मैत्रीगृहासाठी घुमट आणि गच्च्या रेखाटत होते. त्याच रेल्वेमार्गावर, त्याच काळात, आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. मित्राच्या नाराजीच्या भयाने बर्लिनने त्यावर जाहीरपणे तोंड उघडले नाही.

हिंदुस्थानी कैदी जर्मनीतही होते. बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडॉर्फ येथे मुसलमान युद्धकैद्यांसाठी जी छावणी उभारली, तीत १९१५ मध्ये एक लाकडी मशीद बांधण्यात आली. जर्मनीच्या भूमीवरील ही पहिली मशीद. शेजारच्या छावणीत हिंदू आणि शीख होते. त्यांच्यासाठी हिंदी आणि उर्दूत वृत्तपत्र निघत असे. कैद्यांनी धर्माच्या नावाने बंड करावे, सुलतानाच्या फौजेत जावे, हा त्यामागचा हिशेब होता. युद्ध संपले, हिशेब संपला आणि १९२० च्या दशकातच ती मशीद पाडून टाकली गेली. श्रद्धेला युद्धाचे हत्यार करणारे तिचा किती मान राखतात, याचा हा धडा होता. दुर्दैवाने खिलाफतीच्या ज्वरात सापडलेल्या आपल्या नेतृत्वाने तो १९१९ मध्ये वाचला नाही. ज्या खिलाफतीसाठी येथे रान पेटविले, ती १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच मोडीत काढली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. आपले क्रांतिकारकही त्याच काळात बर्लिनमध्ये नव्हते काय? वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते, लाला हरदयाळ होते. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच योजनांच्या ओघात इराणपर्यंत गेले. मग जर्मनीशी मैत्री त्यांनी केली तर देशभक्ती आणि तुर्कांनी केली तर भोळेपणा? फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. क्रांतिकारकांना जर्मनीकडून शस्त्रे हवी होती. घर कसे असावे, हे त्यांनी जर्मनीला विचारले नव्हते. हरदयाळांचा तर भ्रमनिरास झाला आणि त्यांनी तो उघड सांगितला. जर्मनांच्या वर्तनावर त्यांनी युद्धानंतर पुस्तकच लिहिले. शत्रूच्या शत्रूशी व्यवहार करणे निराळे आणि आपली राजधानी त्याला कागद म्हणून देणे निराळे.

राजधानीचा विषय निघालाच आहे, तर दिल्लीकडेही एकदा पाहावयास हवे. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. नव्या दिल्लीसाठी स्पर्धा झालीच नाही. ल्युटेन्स आणि बेकर यांची नेमणूक झाली. त्या वेळी ई. बी. हॅवेल या इंग्रज कलाभ्यासकाने आवाज उठविला की, या देशात मंदिरे, राजवाडे, घाट बांधणाऱ्या कारागिरांची परंपरा जिवंत आहे. राजधानी बांधण्याचे काम त्यांच्या हाती द्या. १९१३ मध्ये त्यासाठी निवेदनही गेले. ते मानले गेले नाही. केमालेद्दीनला जसे आमंत्रण नव्हते, तसेच जयपूरच्या आणि काशीच्या स्थपतींनाही नव्हते. जर्मनी तुर्कांचा मित्र होता आणि इंग्रज आपला स्वामी होता. पण देशी बांधकाऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडे तेच आले. शंकर-पार्वतीला, विठ्ठल-रखुमाईला घर देणारे हात नव्या दिल्लीत दगड घडविण्यापुरते लागले, आखणीत नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी हे बदलले काय? चंदीगडसाठी नेहरूंच्या राजवटीला ल कॉर्ब्युझिए हवे होते. ते श्रेष्ठ कलावंत होते, यात शंका नाही. प्रश्न श्रेष्ठतेचा नाहीच. परक्या कलावंताने येऊन काही केले की ते ‘वैश्विक’ ठरते आणि देशी स्थपतीने शिखर किंवा मंडप रेखाटला की ते ‘पुनरुज्जीवनवादी’ ठरते, हा जो दुटप्पीपणा आपल्या तथाकथित बुद्धिवादी वर्तुळात रुजला, त्याची मुळे या काळात आहेत. नव्या संसद भवनाचे काम अहमदाबादच्या वास्तुशिल्पकाराकडे गेले आणि २८ मे २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा उठलेला गदारोळ आठवावा. त्यातील काही आक्षेप रास्त होते. स्पर्धा अधिक खुली, अधिक मोठी असायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे आवश्यकच होते. पण ल्युटेन्सच्या राजपथाला धक्का लागतो म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी कितीजणांनी हॅवेलच्या निवेदनाचे नाव तरी ऐकले असेल?

आणि हीच कसोटी आपण स्वतःलाही लावावयास हवी. काबूलमध्ये भारताने अफगाणिस्तानच्या संसदेची इमारत बांधून दिली. २५ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. हेतू शुद्ध होता, लोकशाहीला साथ देण्याचा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले, आणि संसदच उरली नाही. घुमट राहिला, सभासद गेले. यापुढे परदेशी भारतीय संस्कृतीची केंद्रे उभारताना त्या त्या भूमीतील स्थपतीला आखणीत बसवायचे की आपला आराखडा जहाजाने पाठवायचा, हा प्रश्न परराष्ट्र खात्याच्या बाबूंवर सोडण्याइतका किरकोळ नाही.

मैत्रीगृहाचे पुढे काय झाले? एप्रिल १९१७ मध्ये समारंभपूर्वक पायाभरणी झाली. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कस्तानने शस्त्रे खाली ठेवली, नोव्हेंबरमध्ये दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका बॉस्फरसमध्ये शिरल्या. इमारत कधीच उभी राहिली नाही.

गंमत पुढेच आहे. त्या स्पर्धेतील माणसे पुन्हा तुर्कस्तानात आली, पण या वेळी निमंत्रण तुर्कांचे होते. ब्रूनो टाउटला नाझींनी देशोधडीला लावले. जपानमार्गे १९३६ मध्ये तो इस्तंबूलला पोहोचला आणि तुर्की सरकारच्या चाकरीत राहून अंकाराच्या विद्यापीठासाठी इमारत रेखाटली. १९३८ मध्ये अतातुर्कचे पार्थिव ठेवण्याचा चौथराही त्यानेच आखला. त्याच डिसेंबरात तो वारला आणि इस्तंबूलच्या एदिर्नेकापी येथील दफनभूमीत त्याला जागा मिळाली. अतातुर्कच्या समाधीसाठी १९४१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा पुन्हा महायुद्ध चालू होते, आणि तटस्थ तुर्कस्तानला आपल्या बाजूला ओढण्यासाठी जर्मनी आणि इटली दोघेही आतुर होते. दोन्ही देशांतून आराखडे आले. परीक्षक मंडळात तुर्क होते, एक स्वीडिश, एक हंगेरियन, आणि जर्मनीचे पाउल बोनात्स होते. १९१६ च्या त्या यादीतले तेच बोनात्स. अंतिम तीन आराखड्यांत एक जर्मन, एक इटालियन आणि एक तुर्की होता. निवड करण्याचा अधिकार अंकाराच्या सरकारकडे होता. त्याने एमीन ओनात आणि ओरहान आर्दा या आपल्या दोन तरुणांचा आराखडा निवडला. समाधी १९५३ मध्ये पूर्ण झाली.

केमालेद्दीन बे १९२७ मध्येच निवर्तले होते. युद्धात अर्धवट राहिलेली त्यांची सिर्केजीतील ‘चौथी वक्फ हान’ ही इमारत १९२६ मध्ये कशीबशी पूर्ण झाली. २००९ मध्ये तुर्कस्तानने नव्या नोटा काढल्या. त्यांतील वीस लिराच्या नोटेवर चित्र आहे ते त्यांचे.